मोडक्या पेटीतले सूर

मध्य प्रदेशातल्या सौंसरजवळच्या रामाकोन्यासारख्या गावांत भजन मराठीत रंगतं, आणि त्याला साथ पेटीची, म्हणजे हार्मोनियमची. अशी पेटी जुनी झाली, लाकूड किडलं, भाता फाटला, तरी ती सरपणात टाकू नका. तिच्या पोटात पितळेचे सूर असतात. दोन निकामी पेट्यांमधून एक गाती पेटी उभी राहते, ती या सुरांच्याच जोरावर.

सूर म्हणजे एका टोकाला पक्की बसवलेली पातळ पितळी जीभ. तिच्याखाली तिच्याहून केसभर मोठी फट असते. भात्याची हवा त्या फटीतून जाताना जीभ थरथरते, हवेचा झोत तुटत-जुळत राहतो. हे सेकंदाला ४४० वेळा घडलं, की ४४० कंपनांचा स्वर कानी येतो. युरोपातली हातात धरायची षटकोनी कॉन्सर्टिनाही याच तत्त्वावर वाजते. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या दबँ यांनी १८४२ मध्ये घेतलं. आपल्या बैठकीला सोयीची हातभात्याची पेटी घडवण्याचं श्रेय कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांना देतात.

जुन्या पेटीतून काढलेला सूर नव्या जागी लगेच जुळेलच असं नाही. जिभेचं टोक खरवडलं की ते हलकं होतं, स्वर चढतो. मुळाशी खरवडलं की जीभ लवचीक होते, स्वर उतरतो. हात मात्र फार बेतानं चालवावा, कारण गेलेलं पितळ परत येत नाही. त्याआधी मऊ ब्रशनं धूळ झाडावी. मुका सूर पुष्कळदा फटीत अडकलेल्या एखाद्या कणामुळेच गप्प झालेला असतो.