येलदरीचा मासा आणि आपला तुकडा

आमच्या परभणीकडे रविवार म्हणजे मटण. "मासे खावेत कोकणातल्यांनी," असं सासूबाई म्हणायच्या. पण ह्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं अन् डॉक्टरांनी मटण कमी करायला सांगितलं. तेव्हा जिंतूर तालुक्यातलं येलदरी धरण आठवलं. पूर्णेच्या पाण्यातला रोहू, कटला आता घरी येतो.

माशात प्रथिनं भरपूर, हृदयाला घातक चरबी मटणापेक्षा कमी, पचायलाही हलका. हृदयाला चांगलं ते ओमेगा-३ बांगडा-तारलीत जास्त, आपल्या गोड्या पाण्यातल्या माशात कमी, हे खरं. तरी मटणापेक्षा बराच. मात्र तेलात बुडवून तळला, तर फायदा कसला? मी चिंच, काळा मसाला घालून पातळ रस्सा करते.

बचत गटात हे सांगितलं, तर एकजण म्हणाली, "ताई, तुकडे मालकाच्या अन् पोरांच्या ताटात. आपल्याला उरतो रस्सा." सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही, माझ्याही घरी तेच चालायचं. रक्त कमी असलेल्या मैत्रिणींनो, लोह मटणात माशापेक्षा जास्त. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते पार सोडू नका.

आता वाढायच्या आधी मी माझा तुकडा वाटीत काढून ठेवते. सासूबाईंचाही.