संगणकीय सोडत आणि निःपक्षपाती क्रम

चिठ्ठ्यांच्या सोडतीत डब्यातून काढलेली चिठ्ठी पुन्हा डब्यात टाकली जात नाही, म्हणून एकच नाव दोनदा निघत नाही. हे काम संगणकावर सोपविताना मात्र थोडा विचार करावा लागतो.

जावास्क्रिप्ट या संगणकभाषेतील ‘मॅथ.रँडम’ ही सोय दर वेळी स्वैर संख्या देते. पूर्वी कोणती दिली याचे स्मरण ती ठेवत नाही. 1 ते 100 हे सर्व क्रमांक एकेकदाच हवे असतील आणि पुनरावृत्ती झालेले टाकून देत गेलो, तर काम पुरे होण्यास सरासरीने सुमारे 519 वेळा संख्या मागावी लागते. त्यापेक्षा शंभर क्रमांकांची यादी, म्हणजे ‘अ‍ॅरे’, आधीच मांडून ती पिसावी. शंभर जागांतून स्वैरपणे एक निवडून तेथील क्रमांकाची शेवटच्या क्रमांकाशी अदलाबदल करावी. मग उरलेल्या 99 जागांतून निवड करावी, आणि याप्रमाणे पुढे. दहाच क्रमांक हवे असल्यास दहा अदलाबदलींनंतर थांबावे. फिशर आणि येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी 1938 मध्ये ही रीत कागद-पेन्सिलीसाठी सांगितली; 1964 मध्ये डर्स्टनफेल्ड यांनी तिला संगणकास सोयीचे रूप दिले.

सोपी वाटणारी आडवाट मात्र फसवी आहे. युरोपात 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टला विंडोज वापरणाऱ्यांपुढे निरनिराळे ब्राउझर स्वैर क्रमाने मांडावे लागले. त्यासाठी यादी क्रमवारीच्या सोयीकडे देऊन ‘कोण आधी?’ या प्रश्नास स्वैर उत्तर देण्यात आले. परिणामी, इंटरनेट एक्सप्लोररमधून ते पान उघडल्यास त्याचेच नाव पाचांपैकी शेवटच्या जागी जवळजवळ निम्म्या वेळा येई! पक्षपाताचा हेतू असता तर तो असा उलटा खचितच नसता. कंपनीने पुढे ही रीत बदलली.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. तीन नावे पिसताना प्रत्येक वेळी तिन्ही जागांतून निवड केली, तर 3×3×3 म्हणजे 27 शक्यता होतात. तीन नावांचे क्रम सहाच. आणि 27 ला 6 ने निःशेष भाग जात नाही. अर्थात काही क्रमांना अधिक संधी मिळते. योग्य रीतीत 3×2×1, म्हणजे नेमक्या सहा शक्यता.

जेथे कोणाचा हक्क ठरावयाचा आहे, तेथे ‘मॅथ.रँडम’ऐवजी ‘क्रिप्टो.गेटरँडमव्हॅल्यूज’ वापरावे, कारण तिच्या संख्यांचा आगाऊ अंदाज बांधता येत नाही. प्रणाली स्वीकारण्यापूर्वी तीन नावे सहा हजार वेळा पिसून पाहावीत. प्रत्येक क्रम सुमारे हजार वेळा आला पाहिजे.