छतापासून चार इंच

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की रिकाम्या खोलीत कुणीतरी टाळी वाजवून बघतंच. टाळीच्या पाठोपाठ एक झिणझिणता ‘टर्रर’ उमटतो. आपलाच आवाज मोठा आणि परका वाटतो. मग कपाटं येतात, गाद्या येतात, पडदे लागतात आणि तो टर्रर कापसात नि कापडात मुरून जातो.

पनवेलच्या अशाच एखाद्या दहा बाय बाराच्या खोलीत कुणी गाणं किंवा पुस्तकवाचन रेकॉर्ड करायला बसलं, की फरशीवर सतरंजी येते, भिंतीशी पुस्तकांचं कपाट येतं. वर मात्र कुणी बघत नाही. साडेनऊ फुटांवरचा तो गुळगुळीत स्लॅब म्हणजे आवाजाचा आरसाच. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धावतो, म्हणजे उघड्या फरशीपासून छतापर्यंतच्या ५९ फेऱ्या तो एका सेकंदात मारू शकतो, जाऊन-येऊन! टाळीमागचा टर्रर त्या फेऱ्यांचा.

या घुमण्याचं गणित पहिल्यांदा मांडलं ते उशांनी. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका सभागृहात शब्द इतका रेंगाळायचा की व्याख्यानच कळेना. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. तो रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या उशा आणायचा, ऑर्गनची नळी वाजवून आवाज किती वेळात विरतो ते मोजायचा आणि सकाळच्या आत उशा परत नेऊन ठेवायचा. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे: खोलीचं घनफळ (घनमीटरमध्ये) ०.१६१ ने गुणा आणि शोषणाऱ्या क्षेत्रफळाने (चौरस मीटरमध्ये) भागा, की निनाद, म्हणजे आवाज विरायला लागणारे सेकंद, मिळतात.

आपल्या खोलीला ते लावून बघू. घनफळ साधारण ३२ घनमीटर. रिकामी असताना तिचे पृष्ठभाग सरासरी ४ टक्के आवाज शोषतात असं धरलं, तर निनाद २ सेकंदांच्या आसपास टिकतो. आता छताला दोन बाय चार फुटांची, आवाज शोषणारी चार पॅनेलं टांगा. निनाद १ सेकंदाच्या जवळ येतो, म्हणजे निम्मा! उरलेलं काम सतरंजी, पुस्तकं आणि गाद्या करतात.

पॅनेल म्हणजे लाकडी चौकटीत दोन इंच जाडीचं रॉकवुल (खनिज लोकर) आणि वर कापड. स्टुडिओवाले छताला टांगलेल्या पॅनेलला ‘क्लाउड’ म्हणतात. ते छताला चिकटवत नाहीत, मध्ये चार इंच मोकळी जागा सोडतात, आणि खरी गंमत त्या जागेतच आहे.

गर्दीच्या पनवेल लोकलमध्ये पत्र्याला टेकून चेपलेला माणूस हलूच शकत नाही. मध्ये उभा असलेला मात्र प्रत्येक हिसक्याला डुलतो. हवेच्या कणांचंही तसंच. स्लॅबला टेकलेले कण जवळजवळ स्थिर असतात, लाटेच्या लांबीच्या पाव अंतरावरचे सर्वात जोरात हलतात. रॉकवुल आवाज शोषतं ते या हालचालीतून: धाग्यांमधून जाताना हवा घासते आणि आवाजाची किंचितशी उष्णता होते. छताला चिकटवलेलं दोन इंची पॅनेल १,७०० हर्ट्झच्या आसपास आणि त्यावर जोमाने काम करतं. तेच चार इंच खाली आणलं की त्याचा खालचा पृष्ठभाग सुमारे ५७० हर्ट्झच्या लाटेच्या पाव अंतरावर पोचतो, म्हणजे बोलण्याच्या ऐन पट्टीत. वरची चार इंच हवा फुकटात जाडीचं काम करते.

टांगायचं कुठे, ते आरसा सांगतो. रेकॉर्डिंग स्पीकरवर ऐकायचं असेल तर तुम्ही ऐकण्याच्या जागी बसा. दुसऱ्याला घोड्यावर चढवून छताला सपाट आरसा लावून सरकवायला सांगा. ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल, तिथे पहिलं पॅनेल. गायचं असेल तर तोंड आणि माइक यांच्या बरोबर वर.

चौकटीसकट एक पॅनेल चार-पाच किलोंचं होतं आणि ते डोक्यावर असतं. म्हणून पीओपीच्या फॉल्स सीलिंगला नाही, थेट स्लॅबला अँकर फास्टनर मारून चार कोपऱ्यांवर तारेने टांगा. ड्रिल करण्याआधी स्लॅबमधून वायरिंगचे पाइप कुठून गेलेत ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. रॉकवुल हाताळताना मास्क आणि हातमोजे हवेतच. कापड तोंडाला धरून फुंकर मारा. आरपार गेली तर ते चालेल. सर्वात वरच्या मजल्यावर राहत असाल तर गळती आधी बंद करा, कारण कोकणच्या पावसात ओलसर कापडाला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

दोन गोष्टी या पॅनेलला जमत नाहीत. डग्ग्याचा खोल घुमार त्याच्या हाती लागत नाही. १०० हर्ट्झची लाट साडेतीन मीटरची, म्हणजे खोलीच्या उंचीहूनही लांब. आणि पनवेल स्टेशनातून येणारा गाडीचा भोंगा ते अडवत नाही. पॅनेल खोलीचा आवाज आवरतं, बाहेरचा नाही. तेव्हा काम झाल्यावर पुन्हा एक टाळी वाजवा, आणि टर्रर गेला असेल तर रेकॉर्डिंगला रात्री उशिराची वेळ धरा.