रूम नंबर ३०४ ला डॉक्टर हवाय!

वर्धा रोडवरचं चकाचक हॉटेल. रात्रीचे दोन. पाहुणा पुण्याचा, मिहानमध्ये मीटिंगला आलेला. संध्याकाळी सावजीवर मस्त ताव मारला, आता पोट धरून बसलाय. रिसेप्शनला फोन जातो, "डॉक्टर मिळेल का?" मिळतो ना! पण कुठला, ते पाहुणा नाही, रिसेप्शन ठरवतं. खरी चुरस असते ती त्या काउंटरवरच्या यादीत नाव लागण्यासाठी.

नागपुरात बडे डॉक्टर म्हणजे धंतोली-रामदासपेठ. पण रात्रीच्या कॉलला बेसाच्या तरुण डॉक्टरचं गणित छान जमतं. नव्या फ्लॅट स्कीमखाली क्लिनिक, डोक्यावर ईएमआय, ओपीडी अजून भरायचीय. पूर्वी मनीषनगरचं रेल्वे फाटक लागलं की बसा हरी हरी करत! २०२० मध्ये उड्डाणपूल झाला आणि वर्धा रोड एकदम जवळ आला. त्यात डिसेंबरचं अधिवेशन आणि ताडोबा-पेंचचा सीझन, म्हणजे हॉटेलं फुल्ल.

आता यादीत शिरायचं कसं? जाहिरात करून पेशंट ओढायला मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनी बंदी आहे. मग एक तर तासाभरात हजर व्हायचं, नीट बोलायचं, नाव कमवायचं. नाही तर शॉर्टकट, म्हणजे 'कट'! पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन देणं-घेणंही त्याच नियमांत बसत नाही. गंमत अशी, की हे नियम डॉक्टरला लागू, हॉटेलच्या डेस्कला नाहीत. राज्य सरकारने २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करायला घेतला, तेव्हा चर्चा रंगली ती डॉक्टर आणि हॉस्पिटलांचीच. हॉटेलकडे कोण बघतो, भाऊ?

कट शेवटी निघतो पाहुण्याच्याच खिशातून. ओआरएसवर भागणाऱ्या पोटाला सलाइन लागतं, सोबत दोन इंजेक्शनं. सरळमार्गी डॉक्टर मात्र यादीतून गळतो. आमच्या मते ही स्पर्धा नाही, लिलाव आहे.

त्यामुळे कॉल करताना फी आधीच विचारा. लाजू नका, उपचाराआधी फी सांगावी असं नियमच म्हणतात. प्रिस्क्रिप्शन आणि पावतीवर रजिस्ट्रेशन नंबर हवाच. मार्च २०२० पासून टेलिमेडिसिनला अधिकृत नियमावली आहे, म्हणजे साध्या तक्रारीला घरच्या फॅमिली डॉक्टरला व्हिडिओ कॉलही चालतो. छातीत दुखत असेल तर यादी-बिदी सोडा, थेट १०८ लावा. ती ॲम्ब्युलन्स फुकट आहे.