‘टर्बोचार्ज्ड’ म्हणजे नेमकं काय?

आज आपण एकच इंग्रजी विशेषण घेऊ: ‘टर्बोचार्ज्ड’. हल्ली अर्थव्यवस्था टर्बोचार्ज्ड होते, क्लासवाले मुलांचा अभ्यास टर्बोचार्ज्ड करून देतात, कंपन्यांना टर्बोचार्ज्ड टीम हवी असते. अर्थ विचारला तर आपण पटकन सांगतो, ‘खूप वेगवान, जोरदार’. ते चूक नाही, पण अपुरं आहे. काय अपुरं, ते बघू.

लॅटिनमध्ये ‘टर्बो’ म्हणजे वावटळ, आणि मुलं जाळीने फिरवतात तो भोवरासुद्धा. आपला भोवरा तरी काय, हातातलाही असतो आणि नदीतलाही. या लॅटिन शब्दावरून १८२२ साली क्लोद ब्युर्दँ या फ्रेंच अभियंत्याने ‘टर्बाइन’ हा शब्द घडवला.

आता इंजिनाकडे वळू. इंधन जळायला हवा लागते. हवा जास्त कोंबली तर इंधन जास्त जाळता येतं आणि तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद मिळते. ही हवा कोंबायची कशी? एक मार्ग असा, की इंजिनाच्याच ताकदीवर पंप फिरवायचा. त्याला ‘सुपरचार्ज्ड’ म्हणतात. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने दुसरा मार्ग काढला आणि १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं. जळून बाहेर पडणारा गरम धूर एरवी वायाच जातो. त्याच्या जोरावर एक चक्र फिरवायचं, म्हणजे त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा आत दाबतं. तर ‘टर्बोचार्ज्ड’चा मूळ अर्थ ‘वेगवान’ नव्हे. जे वाया जात होतं त्यातून ताकद मिळवलेला, हा तो अर्थ.

याला आणखी दोन गोष्टी जोडलेल्या आहेत. हवा दाबली की तापते. म्हणून ती थंड करावी लागते आणि इंजिनाचे भागही मजबूत लागतात. शिवाय धुराला पुरेसा जोर येईपर्यंत टर्बो काम धरत नाही. या दिरंगाईला ‘लॅग’ म्हणतात.

हे विशेषण इंजिनातून बाहेर पडलं तेव्हा त्याने वेग तेवढा बरोबर घेतला. ताकद कुठून आली, ताप किती झाला, वेळ किती लागला, हे सगळं गॅरेजमध्येच राहिलं. यात गैर काही नाही. ‘सुसाट’ म्हणताना आपल्याला तरी सोसाट्याचा वारा कुठे आठवतो? एखादा फलंदाज टर्बोचार्ज्ड खेळला असं कोणी म्हटलं तर म्हणू दे. अडचण येते ती माणसांच्या कामाबद्दल बोलताना. तिथे हे विशेषण कारण दिल्यासारखं वापरलं जातं, आणि ऐकणारा प्रश्न विचारायचा थांबतो.

परळ-लालबागच्या लोकांना हे नवं नाही. १९१५ पासून टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. घाटावरचं पाणी तिथे खाली टर्बाइन फिरवायचं आणि इथे गिरणीतली यंत्रं चालायची. ही ताकद खरोखर बाहेरून आली होती. पुढे १९२० नंतरच्या दशकात मालकांनी वेगळाच हिशेब मांडला: दोन साचे सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळावेत. सूतखात्यातही तसंच. याला नाव होतं ‘रॅशनलायझेशन’. आज कदाचित उत्पादन टर्बोचार्ज्ड केलं असं म्हटलं असतं! १९२८ साली सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर होते. कितीजणांचं काम जाणार आणि राहतील त्यांच्या मजुरीचं काय, हे त्यांचे प्रश्न होते. तिसऱ्या साच्याची ताकद कुठल्या वाया जाणाऱ्या धुरातून येणार नव्हती, ती विणकराच्याच अंगातून निघणार होती.

म्हणून हा शब्द कानावर पडला की आपण तीन प्रश्न विचारू. जादा ताकद कुठून येते आहे? ताप कोण सोसतो आहे? आणि जोर धरायला वेळ किती दिला आहे?

क्लासच्या जाहिरातीलाच हे लावून बघा. विरारहून दादरला येणाऱ्या मुलाचे प्रवासात जाणारे दोन तास वाचवले आणि ते अभ्यासाला दिले, तर तो अभ्यास खऱ्या अर्थाने टर्बोचार्ज्ड. पण त्याची झोपच दोन तासांनी कमी केली, तर तो शब्द तिथे लागू नाही. झोप म्हणजे काही वाया जाणारा धूर नव्हे.

मग मराठीत काय म्हणायचं? नुसता वेग सांगायचा असेल तर ‘सुसाट’ आहे, ‘भरधाव’ आहे, ‘झपाट्याने’ आहे. ‘टर्बोचार्ज्ड’साठी प्रतिशब्द घडवायची घाई नको, तो आता आपल्याकडे रुळला आहे. मात्र वाया जाणारं काही खरोखर कामी लावलं असेल तिथे तो राखून ठेवावा, एवढं आपण करू शकतो. या आठवड्यात पेपरात हा शब्द जिथे दिसेल तिथे पहिला प्रश्न विचारून बघा. उत्तर त्याच बातमीत मिळतं का, तेही पाहा. आता तुमचे प्रश्न घेऊ.