डॅशबोर्ड गप्प, शॉक थकलेला

वाईहून पाचगणीकडे चढणारा पसरणी घाट, यवतेश्वरमार्गे कास पठाराकडे जाणारा रस्ता, मेढ्याहून महाबळेश्वरकडे नेणारा केळघर घाट हे सातारा जिल्ह्यातील मार्ग मोठ्या मोटारसायकलींच्या शौकिनांचे आवडते आहेत. शेजारच्या सांगली जिल्ह्यात वाहनाची परीक्षा निराळी असते. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा वरखाली होतो. घाटातील वळणे असोत की काळ्या मातीवरील लाटा, त्यांचा भार अखेर शॉकअॅब्सॉर्बरवर, म्हणजेच गॅरेजच्या भाषेतील ‘शॉकअप’वर येतो. महागड्या मोटारसायकलींमध्ये या शॉकचे नियंत्रण आता संगणकाकडे आहे. त्यांतील पहिल्या पिढीच्या गाड्या जुन्या झाल्या असून, थकलेला इलेक्ट्रॉनिक शॉक बदलायचा कसा आणि त्याच्या जागी बसवायचे काय, हा प्रश्न त्यांच्या मालकांपुढे उभा राहतो.

साताऱ्याला दुचाकीची ओळख नवी नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्स कंपनीच्या येथील कारखान्यातून ‘प्रिया’ स्कूटर बाहेर पडत असे. २००६ मध्ये तेथील स्कूटरचे उत्पादन थांबले. त्या काळच्या स्कूटरचा शॉक गेला, की कोपऱ्यावरचा मेकॅनिक तो काढून दुसरा बसवीत असे आणि संध्याकाळी स्कूटर घरी येत असे. संगणकनियंत्रित शॉकचे काम इतके सरळ उरलेले नाही. मात्र त्याच्या पोटातील मूळ यंत्रणा फारशी बदललेली नाही, हेही तितकेच खरे.

स्प्रिंग, तेल आणि वायू

शॉकमध्ये दोन कामे चालतात. स्प्रिंग धक्का झेलते आणि ती ऊर्जा साठवून ठेवते. ती ऊर्जा तशीच परत आली, तर गाडी चेंडूसारखी उसळत राहील. म्हणून आतील दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून व पातळ पोलादी चकत्यांमधून ढकलतो. त्या विरोधातून ऊर्जेची उष्णता होते आणि उसळी शमते. यालाच ‘डॅम्पिंग’ म्हणतात. तेलात फेस होऊ नये म्हणून वेगळ्या कप्प्यातील नायट्रोजन वायू त्याच्यावर सतत दाब ठेवतो.

बीएमडब्ल्यूने २००४ साली के १२०० एस या मोटारसायकलीवर बटणाने बदलता येणारे सस्पेन्शन आणले. पुढे २०१२ च्या एचपी४ मध्ये आणि २०१३ पासून आर १२०० जीएसमध्ये ते धावत्या गाडीत आपणहून बदलू लागले. चाक किती वरखाली होते, हे संवेदक सांगतात. संगणक त्यावरून क्षणार्धात निर्णय घेतो आणि विजेवर चालणारी झडप तेलाचा मार्ग अरुंद किंवा रुंद करते. म्हणजे संगणकाच्या हाती झडप आहे. धक्का शमविण्याचे काम अजूनही तेलच करते.

संगणकाला न दिसणारी झीज

गफलत नेमकी येथेच होते. झडपेची तार तुटली किंवा संवेदक बिघडला, तर डॅशबोर्डवर इशारा येतो. तेल मात्र तापून आणि धातूच्या कणांनी मळून पातळ झाले, सील झिजले किंवा वायूचा दाब उतरला, तर ते संगणकाला थेट कळण्याची सोय सहसा नसते. तो झडप आवळण्याचा आदेश देत राहतो आणि पातळ तेल तिच्यातून निसटत राहते. झीज हळूहळू होत असल्याने चालकालाही तिची सवय होते. दिवा लागत नाही म्हणून शॉक उत्तम आहे, हा निष्कर्ष म्हणूनच धोक्याचा ठरतो.

त्याचे परिणाम रस्त्यावर दिसतात. उतारावर ब्रेक दाबताना मागचे चाक रस्त्याची पकड सोडते आणि एबीएस लवकर जागे होऊन थांबण्याचे अंतर वाढते. डबलसीट व सामान असताना मागची बाजू बसल्यामुळे गाडी वळणात बाहेर ओढली जाते. घाटातील डाव्या वळणावर ‘बाहेर’ म्हणजे समोरून येणाऱ्या एसटीची बाजू. त्याच कारणाने हेडलाइटचा झोत वर उचलला जातो. ऊसहंगामात रात्री मागच्या दिव्यांविना चालणाऱ्या ट्रॉल्यांच्या रस्त्यावर ही उणीव जिवावर बेतू शकते.

घरच्या घरी प्राथमिक तपासणी करता येते. गाडी चालू स्थितीत ठेवून आसन जोराने दाबावे आणि सोडावे. ते एकदा वर येऊन स्थिरावले पाहिजे. दोन-तीनदा झुलले तर डॅम्पिंग गेले आहे. शॉकच्या दांड्यावर तेलाचा ओघळ दिसणे ही दुसरी खूण. मऊ व कडक हे दोन्ही मोड लावून त्याच खडबडीत रस्त्यावर गाडी चालवावी. दोहोंत फरक जाणवत नसेल आणि इशाऱ्याचा दिवाही नसेल, तर संशय तेलावर घ्यावा. दिवा लागला असेल, तर आधी संवेदकाची दांडी व चिखलाने गंजलेले कनेक्टर तपासावेत. अशा वेळी नवा शॉक घेणे व्यर्थ ठरू शकते.

चार वाटा

पहिली वाट मूळ कंपनीच्या नव्या शॉकची. ती निर्धोक, पण खर्चिक. एका शॉकची किंमत एखाद्या साध्या नव्या मोटारसायकलीइतकी होऊ शकते. दुसरी वाट जुना शॉक खोलून तेल, सील व वायू बदलण्याची. अनेक कंपन्या आतील सुटे भाग विकत नाहीत, तरीही सस्पेन्शनचे जाणकार हे काम करतात. मात्र आतील वायूचा दाब टायरमधील हवेच्या कितीतरी पट असतो. तो न सोडता शॉक खोलल्यास भाग उडून गंभीर इजा होऊ शकते. नायट्रोजन भरण्याची साधने नसलेल्या गॅरेजात हे काम देऊ नये.

तिसरी वाट मूळ संगणकाशी जुळणाऱ्या बाहेरच्या शॉकची. जर्मनीच्या विल्बर्स व टुराटेक, नेदरलँड्सच्या ट्रॅक्टिव्ह या कंपन्या काही मोटारसायकलींसाठी असे शॉक बनवितात. त्यांत डॅशबोर्डवरील मोड कायम राहतात आणि पुढे ते खोलून दुरुस्तही करता येतात. चौथी वाट साध्या, हाताने जुळवायच्या शॉकची. त्यासोबत बहुधा एक छोटे उपकरण लागते, जे संगणकाला झडप जागेवर असल्याचा भास देते. अन्यथा दिवा कायम पेटत राहतो. यात बटणाची सोय जाते. वजन बदलले की चालकाला स्वतः नॉब फिरवावा लागतो. त्या बदल्यात यंत्रणा सोपी होते आणि दुरुस्ती आवाक्यात येते.

कोणतीही वाट निवडली तरी मोजमाप टळत नाही. चालकाचे, मागे बसणाऱ्याचे व सामानाचे वजन विक्रेत्याला खरे सांगावे, कारण स्प्रिंग त्यावरून ठरते. चालक बसल्यावर मागची बाजू किती खाली येते, याला ‘सॅग’ म्हणतात. साहसी प्रवासाच्या गाड्यांत ती चाकाच्या एकूण चालीच्या सुमारे एकतृतीयांश असावी. आर १२५० जीएसच्या मागच्या चाकाची चाल २०० मिलिमीटर आहे. म्हणजे सॅग ६० ते ६५ मिलिमीटरच्या आसपास हवी. पुढचा व मागचा शॉक एकाच वयाचे असल्याने एकच बदलल्यास गाडीचा तोल बिघडू शकतो, हेही ध्यानात घ्यावे. संगणकाशी जोडलेला शॉक बसविल्यावर आवश्यक तेथे उंचीच्या संवेदकाचे पुन्हा मापन करून घ्यावे लागते. त्यासाठी सातारा-सांगलीकरांना बहुधा पुण्याचीच वाट धरावी लागते.

कायद्याकडेही दुर्लक्ष नको. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. मूळ मापाचा, गाडीची उंची न बदलणारा शॉक निवडणे, विमा कंपनीला लेखी कळविणे आणि जुना शॉक व पावत्या जपून ठेवणे शहाणपणाचे.

नवा शॉक बसविल्यावर पहिली फेरी सपाट, ओळखीच्या रस्त्यावर, एकट्याने व कमी वेगात घ्यावी. सॅग पुन्हा मोजावी, नटबोल्ट तपासावेत आणि त्या दिवसाचे किलोमीटर वहीत टिपून ठेवावेत. तेल बदलण्याची पुढची वेळ डॅशबोर्ड सांगणार नाही. ती या नोंदीवरूनच कळेल.