गालिच्याचा विटलेला रंग

गालिच्याचा रंग विटतो तेव्हा तो धुऊनच गेलेला असतो असे नाही. बहुतेक वेळा प्रकाशाने, विशेषतः अतिनील किरणांनी, हवेतील ऑक्सिजन आणि दमटपणा यांच्या साथीने रंगद्रव्याच्या रेणूची मोडतोड केलेली असते, आणि मोडलेला रेणू पुन्हा जुळवता येत नसल्यामुळे ‘रंग परत आणणे’ म्हणजे प्रत्यक्षात नवा रंग चढवणेच होय. मात्र त्याआधी रंग खरोखर विटला आहे की त्यावर मळ बसला आहे, हे ठरवावे लागते. लव, म्हणजे गाठींतून वर आलेली धाग्यांची टोके, बोटांनी विलग करून पाहावी: टोकाशी फिकट गुलाबी दिसणारा धागा मुळाशी गडद तांबडा निघाला, तर ते उन्हाचे काम, टोके नुसती मळकट असून ओल्या पांढऱ्या फडक्याने उजळली, तर धुलाई पुरते, फडकेच तांबडे झाले, तर रंग कच्चा असून गालिचा पाण्यात घालणे धोक्याचे.

नवा रंग धरणे धाग्यावर अवलंबून असते. लोकर प्रथिनांची असते. आम्लयुक्त पाण्यात तिच्यातील अमिनो गटांवर धनभार येतो आणि ऋणभारित ‘आम्लरंग’ त्यांना चिकटतात. नायलॉनचेही तसेच, पॉलिप्रॉपिलीनवर असे गट नसल्याने त्यावर हा रंग बसतच नाही. शिवाय कारखान्यात ही क्रिया जवळजवळ उकळत्या पाण्यात होते, तेवढी उष्णता अंथरलेल्या गालिच्याला देता येत नाही, म्हणून घरी चढवलेला रंग तितका पक्का होत नाही. ब्लीच सांडून तपकिरी नायलॉनवर नारिंगी डाग पडला, तर तपकिरीतील निळा घटक गेलेला असतो. तेथे आधी उरलेले ब्लीच हायपोने (सोडियम थायोसल्फेटने) निष्प्रभ करून मग तपकिरी नव्हे, निळाच रंग थोडाथोडा द्यावा लागतो.

पुरातन गालिच्यांना मात्र हा उपाय लागू करू नये. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांनी व्यापारी उत्पादनाचा पहिला कृत्रिम रंग शोधला, आणि पुढील काही दशकांत असे रंग इराण व तुर्कस्तानच्या विणकरांपर्यंत पोहोचले. त्यामुळे गाठीतील रंग कृत्रिम आहे की तुरटीने लोकरीवर पक्का केलेला मंजिष्ठवर्गीय मुळांचा आहे, यावरून गालिच्याचा काळ ताडता येतो. वरून दिलेला नवा रंग हा पुरावाच गढूळ करतो. म्हणूनच लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १५३९-४० सालच्या अर्दबील गालिच्याचे रंग जपण्यासाठी तो मंद प्रकाशात ठेवला असून, दर अर्ध्या तासाला केवळ दहा मिनिटे दिवे लावण्याची पद्धत ठेवली आहे.